‘सर, थोडी भर घालतो’ : आकाशदर्शनाच्या ग्रुपवर चुकीचा सल्ला दुरुस्त करताना

साताऱ्यात नाहीतर सांगलीत आकाशदर्शनाचा नाद लागला की माणसाला दोन शाळा मिळतात. एक भरते अमावास्येच्या आगेमागे, चाळकेवाडीच्या पठारावर किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर. दुसरी मोबाइलमध्ये, बारा महिने चोवीस तास. पहिल्या शाळेत शिकवणाऱ्याच्या हाताशी दुर्बीण असते, त्यामुळे तो फार भरकटत नाही. दुसरीत कुणीही मास्तर होतो. प्रश्न टाकला की पाच मिनिटांत सात उत्तरं येतात, सगळी मनापासून दिलेली, आणि त्यांतली दोन-तीन साफ चुकीची.

तुम्ही या नादात नवे आहात, पण अगदीच कोरे नाही. थोडं वाचलंय, थोडं पाहिलंय आणि आता ग्रुपवरचा एखादा सल्ला खटकायला लागलाय. गप्प बसावं तर कुणाचा तरी डोळा नाहीतर खिसा जाणार. बोलावं तर ‘कालचं पोर आम्हाला शिकवतंय’ असं होणार. पुण्या-मुंबईत माणूस ग्रुप सोडून मोकळा होतो. आपल्याकडे ज्यांची चूक काढली ते सर दुसऱ्या दिवशी मोती चौकात समोर उभे राहतात, आणि वर आत्याचे शेजारी निघतात.

माझ्या मते दुरुस्ती करताना डोळ्यांसमोर ठेवायचा तो ग्रुपमधला न बोलणारा माणूस. तो सगळं वाचतो, अंगठासुद्धा देत नाही, आणि उद्या वाचलं तसंच करणार असतो. चुकलेल्या सरांना पटलं की नाही, हे त्याच्यानंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवरून ठरतात.

पहिली पायरी : जाणार काय आहे ते बघा

ग्रुपवरची प्रत्येक चूक दुरुस्त करत बसलात तर आठवड्याभरात तुमचं नाव दिसलं की लोक मेसेज न वाचता पुढे जातील. म्हणून बोटं कीपॅडवर ठेवायच्या आधी एकच विचारायचं: हा सल्ला कुणी पाळला तर जाईल काय? डोळा, पैसा, वस्तू, की नुसतंच पुस्तकातलं एक वाक्य चुकेल?

डोळ्याचा प्रश्न म्हणजे सूर्य. इथे थांबायचं नाही, पर्सनलवर बोलू का म्हणून विचार करायचा नाही, सरांचं वय बघायचं नाही. २६ डिसेंबर २०१९ ला आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसलं, २५ ऑक्टोबर २०२२ ला ऐन दिवाळीत मावळता सूर्य ग्रासलेला होता, आणि आता २ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा खंडग्रास आहे, तेही भर पावसाळ्यात. ढगांतून सूर्य डोकावला की लोक हाताला लागेल ते डोळ्यांपुढे धरतात. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, जुनी सीडी, एकावर एक दोन गॉगल. आपल्या भागात परातीतलं हळदीचं पाणीही असतं, आणि त्याच्या पाठोपाठ ‘आमची आजी असंच बघायची, तिला काही झालं नाही’ हे येतंच.

आजीशी वाद घालू नका. आकडा द्या. सूर्य बघायच्या चांगल्या फिल्टरमधून साधारण लाखातला एक भाग प्रकाश पलीकडे येतो. सूर्य डोक्यावर असताना पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे दोन टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे लाखात दोन हजार भाग. सूर्य कलला की त्याहून जास्त. हळदीनं पाणी पिवळं होतं, वरची चकाकी तेवढीच राहते. शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा होत असते तेव्हा माणूस आरामात बघत असतो. हे इतकं लिहिलं की आजीचा अपमान न होता मुद्दा पोचतो.

‘वेल्डिंगची काच चालते’ हा सल्ला जरा वेगळा, कारण तो अर्धा बरोबर आहे. चौदा नंबरची काच नुसत्या डोळ्यांनी सूर्य बघायला चालते. पण कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या मित्राकडून मागून आणलेली काच बहुधा दहा-अकरा नंबरची असते, आणि ती चालत नाही. असा अर्धा बरोबर सल्ला खोडायला गेलात तर तुम्हीच चुकीचे ठरता. तो पुरा करायचा: ‘हो, चालते, पण फक्त १४ नंबरची. काचेवर नंबर असतो तो बघून घ्या, आणि दुर्बिणीला लावू नका.’

सगळ्यांत वाईट सल्ला मात्र साध्या चेहऱ्यानं येतो. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, फिरवून बसवायची एक छोटी काळी काच यायची. कुणाच्या तरी माळ्यावर ती अजून असते, आणि ‘कंपनीनंच दिलीय की’ म्हणून तिचा फोटो ग्रुपवर पडतो. दुर्बिणीनं एकवटलेली सगळी उष्णता त्या इवल्याशा काचेवर येते, काच तडकते, आणि तडकते तेव्हा डोळा तिला लागूनच असतो. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, पूर्ण तोंड झाकणारा आणि वाऱ्यानं न उडणारा हवा. ग्रहणाचा चष्मा घालून बायनॉक्युलरमध्ये बघणं हेही तसंच. चष्मा त्या एकवटलेल्या उन्हापुढे टिकत नाही. हा फोटो दिसल्या क्षणी ग्रुपवरच लिहायचं, आणि पहिला शब्द ‘थांबा’. नमस्कार-चमत्कार त्याच्या खाली.

पैशाची चूक तेवढी घाईची नसते, पण तिलाही मुदत असते, कारण समोरचा माणूस आज-उद्या खरेदी करणार असतो. दहावीत मुलानं चांगले मार्क पाडले, बापानं विचारलं कुठली दुर्बीण घेऊ, आणि कुणीतरी खोक्यावर ‘५२५ पट’, म्हणजे इतक्या पट मोठं दिसेल, असं लिहिलेली सुचवली. याचं गणित पुढे येतंच.

वस्तूच्या चुकीत आरसा, भिंग, माउंट (दुर्बीण बसवायचा स्टँड) हे सगळं येतं. पावसाळ्यात दुर्बीण झाकणं घट्ट लावून कपाटात ठेवा, असं हमखास कुणीतरी सांगतं. महाबळेश्वर-कासकडच्या धुक्यात भिजलेली नळी तशीच बंद केली तर आत बुरशी धरते. आधी उघडी ठेवून वाळवायची, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करायची. हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी बिघडत नाही.

राहिली नुसती अचूकता. कुणी गुरूला तारा म्हटलं, कुणी व्याध मृगाच्या आकृतीतच मोजला. सोडून द्या.

दुसरी पायरी : आपलं तरी बरोबर आहे का?

ही पायरी नवखे गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

५२५ पटाचं घ्या. ‘हे सगळं जाहिरातबाजी आहे’ असं ऐकून तुम्हालाही माहीत झालेलं असतं, पण ऐकीव गोष्टीवर दुसरी ऐकीव गोष्ट खोडायची नाही. कागद घ्या. अशा खोक्यातली दुर्बीण बहुधा ६० मिलिमीटर तोंडाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (पुढच्या भिंगापासून चित्र जिथे एकवटतं तिथपर्यंतचं अंतर) असते. पट काढायचा तर ७०० ला आयपीसच्या आकड्यानं भागायचं. २० चा आयपीस लावला की ३५ पट, ४ चा लावला की १७५ पट. त्याच्या आणि नळीच्या मध्ये तिप्पट करणारं बार्लो भिंग जोडलं की १७५ गुणिले ३, म्हणजे बरोबर ५२५. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नाही! गणित चोख आहे, फक्त उपयोगाचं नाही. दुर्बिणीच्या तोंडाची रुंदी जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपर्यंत पट झेपतो. ६० ला १२०. पुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि पुसट. त्यातून पातळ स्टँड असेल तर ग्रह नजरेसमोर थरथरत राहतो.

हे गणित स्वतः केलं की बोलण्याचा सूर बदलतो. ‘खोटं आहे’ म्हणणार होतात, आता ‘आकडा बरोबर आहे पण ६० मिलिमीटरला झेपत नाही’ म्हणता. सुचवणाऱ्या माणसाला यात मान खाली घालावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, सल्ला कधीचा आहे ते बघा. समजा २०२५ मध्ये कुणी लिहिलं की शनीची कडी छोट्या दुर्बिणीतून दिसत नाहीत. पुस्तक वाचून तुम्ही लगेच सांगणार, ‘दिसतात, ३५ पटावरसुद्धा दिसतात.’ एरवी बरोबर. पण मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, कडी अगदी आडवी झाली, आणि त्या वर्षात ती सुरीच्या धारेसारखी बारीक दिसत होती. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. म्हणजे लिहिणाऱ्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. चुकलं ते फक्त ‘कधीच दिसत नाहीत’ एवढंच.

तिसरी, सल्ला कुठला आहे. हे आपल्याकडे सर्रास होतं. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो तो, घेतलेला माणूस विचारतो, अक्षांशाचा काटा कितीवर ठेवू? कुणीतरी परदेशी व्हिडिओ बघून सांगतं, पन्नासवर. व्हिडिओवाल्याच्या गावी ते बरोबरच असतं. साताऱ्याचा अक्षांश साडेसतराच्या जरा वर, सांगलीचा सतराच्या जरा खाली. म्हणून ध्रुवतारा आपल्याला उत्तरेला क्षितिजापासून इतका खाली दिसतो की हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतकीही उंची भरत नाही. अजिंक्यताऱ्याच्या दक्षिण पायथ्याला उभं राहिलात तर डोंगरच आड येईल. शिवाय ध्रुव काही सगळ्यांत तेजस्वी तारा नाही, तेजात त्याचा नंबर पन्नासच्या आसपास लागतो. नवखा पन्नास अंशांवर दुर्बीण लावून एखादा झगझगीत तारा शोधत बसतो आणि माउंट बिघडलाय म्हणून दुकानदाराला फोन करतो. उलट अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, युरोपातल्या बहुतेक पुस्तकांत ‘दिसत नाही’ म्हणून सोडलेला असतो. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत तो दक्षिणेला मजेत दिसतो. अशा ठिकाणी ‘चूक’ हा शब्दच वापरू नका. ‘तिकडे पन्नास, आपल्याकडे सतरा-अठरा’ एवढं पुरतं.

तपासायचं कुठे? मराठीत वाचायचं तर मराठी विश्वकोश आहे. त्याचं काम आपल्या वाईतूनच चालत आलं आणि तो आता मोबाइलवर फुकट वाचता येतो. तारे, ग्रह, दुर्बिणी यांच्या मूलभूत गोष्टींसाठी तो पक्का. बाजारात आलेल्या नव्या उपकरणांसाठी अर्थातच नाही. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, हौशी मंडळींचीच. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे स्वतः बघून येणं.

शेवटी, वरचे मेसेज पूर्ण वाचा. अर्ध्या भांडणांचं मूळ इथे असतं. सरांनी उत्तर दिलेलं असतं बायनॉक्युलरच्या प्रश्नाला, आणि आपण ते दुर्बिणीचं समजून तुटून पडतो.

तिसरी पायरी : चौकात की घरात

डोळ्याचा प्रश्न असेल तर ग्रुपवर, लगेच. बाकी सगळं आधी पर्सनलवर, विशेषतः समोरचा माणूस वयानं किंवा मानानं मोठा असेल तर. पण पर्सनलवर बोलून सर ‘बरं बरं’ म्हणाले आणि ग्रुपवर चुकीचं तसंच राहिलं, तर न बोलणाऱ्या वाचकाच्या पदरात काय पडलं? म्हणून पर्सनलवर बोलताना शेवटी ही विनंती करायचीच: ‘सर, तुम्हीच ग्रुपवर टाकाल का? तुमचं सगळे वाचतात.’ बहुतेक जण टाकतात, आणि आनंदानं टाकतात. ते त्यांच्या नावावर जातं, जाऊ द्या.

दिवस गेला तरी काही आलं नाही आणि कुणीतरी खरेदीला निघालंय असं दिसलं, तर ग्रुपवर लिहा. मात्र चूक करणाऱ्याला उद्देशून लिहू नका, प्रश्न विचारणाऱ्याला उद्देशून लिहा.

वेळ सांभाळा. रात्री अकराला लिहिलेली दुरुस्ती भांडणासारखीच वाचली जाते. आणि आवाजी मेसेज कधीच नको. तीन मिनिटांचं बोलणं कुणी ऐकत नाही, आणि नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही.

चौथी पायरी : वाक्य

समजा एका बाईंनी विचारलं कुठली दुर्बीण घेऊ, आणि सरांनी ती ५२५ पटाची सुचवली, चंद्रासाठी पुरते म्हणून. त्यावर आलेला पुढचा मेसेज पाहा. असं रोज कुठे ना कुठे लिहिलं जातं:

‘सर हे पूर्णपणे चुकीचं आहे. ५२५ पट वगैरे निव्वळ फसवणूक. नवीन लोकांची दिशाभूल करू नका, आधी अभ्यास करा. खाली लिंक दिली आहे.’

मुद्दा बरोबर आहे. पण पहिल्या वाक्यातच सरांना भिंतीला टेकवलं, ‘आधी अभ्यास करा’ म्हणून दार लावून घेतलं, आणि जिला दुर्बीण घ्यायची आहे त्या बाईला काय घ्यायचं हे सांगितलंच नाही. लिंक इंग्रजीत असते, ती कुणी उघडत नाही. आता सर स्वतःला वाचवण्यासाठी ५२५ ची बाजू घेणार, त्यांचे दोन विद्यार्थी धावून येणार, आणि बाई संध्याकाळी तीच दुर्बीण मागवणार.

त्याऐवजी:

‘सर, चंद्रासाठी ही दुर्बीण पुरते हे तुम्ही म्हणता ते खरंय, ३५ पटावर खड्डे छान दिसतात. ५२५ च्या आकड्यात थोडी भर घालतो, कारण ताई घ्यायला निघाल्यात. ६० मिमीच्या दुर्बिणीला साधारण १२० पटापर्यंत झेपतं, पुढे चित्र मोठं पण पुसट होतं. ताई, खोक्यावरच्या पटापेक्षा तोंडाची रुंदी आणि स्टँड किती घट्ट आहे ते बघा. शनिवारी पठारावर दोन-तीन दुर्बिणी येणार आहेत. घ्यायच्या आधी एकदा डोळा लावून जा.’

सरांचं जे बरोबर होतं ते आधी उचललं, आणि ते खोटं कौतुक नाही, खरंच बरोबर होतं. खोटं कौतुक लगेच ओळखू येतं. काही सापडलं नाही तर कौतुक गाळा, सरळ मुद्द्यावर या. आकडा एकच दिला. नाभीय अंतराचं सगळं गणित मांडायचा मोह होतो, पण ते कुणी विचारलं तरच. ‘तुमचं चुकलं’ असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी सल्ला बदललाय हे सगळ्यांना कळतं. आणि शेवट ताईंना करता येईल अशा गोष्टीवर केलाय.

संबोधनाला आपल्याकडे वजन आहे. शिक्षक असतील, अगदी पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले असले तरी, ते ‘सर’. वयस्कर माणूस ‘काका’, बरोबरीची किंवा थोडी मोठी बाई ‘ताई’. ‘भावा’ फक्त ज्याच्या खांद्यावर हात टाकता येतो त्याला. एकदा नाव न बघता साठीच्या माणसाला ‘भावा’ लिहिलं की पुढचं शास्त्र कितीही शुद्ध असो, वाया गेलं. नाव घेऊन ‘साहेब’ लावणं दुरुस्तीच्या मेसेजमध्ये टाळा, उपहास वाटतो. ‘मी काय, अडाणी माणूस, पण…’ ही सुरुवातही तशीच. नम्रता जरा जास्त झाली की टोमणा होते, आणि आपल्या भागात टोमणा ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

शंका म्हणून विचारायची युक्ती चांगली आहे, पण खरी शंका असेल तेव्हाच. ‘सर, १४ नंबरची म्हणताय ना?’ हे चांगलं, कारण सरांना ‘हो हो, तीच’ म्हणायची वाट मिळते. उत्तर माहीत असून परीक्षेसारखे प्रश्न विचारत राहिलात तर तो छळ झाला.

हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं कमी. हात जोडलेलं एक चालतं.

पाचवी पायरी : समोरून उत्तर आलं की

बहुतेक वेळा काहीच येत नाही. एखादा अंगठा येतो, विषय पुढे जातो. त्याचा अर्थ काम झालं. ‘मग मान्य आहे ना सर?’ असं विचारू नका.

कधी उत्तर येतं: ‘आम्ही तीस वर्षं बघतोय.’ या वाक्याला वादानं उत्तर नाही. तीस वर्षं त्यांनी खरंच पाहिलंय, आणि तुम्हाला माहीत नाहीत अशा शंभर गोष्टी त्यांना माहीत आहेत. पावसानंतरचं कुठलं रान कोरडं असतं, कुठल्या टेकडीवर गाडी जाते, हे व्हिडिओत मिळत नाही. तेव्हा अनुभवाला हात न लावता प्रयोग सुचवा. ‘सर, या शनिवारी तुमचं बार्लो आणाल का? गुरूवर दोन्ही लावून बघू, आधी बार्लोसकट, मग नुसता २० चा.’ आयपीसला डोळा लावल्यावर कुणाला काही पटवावं लागत नाही. हे ग्रुपवर वीस मेसेजमध्ये होत नाही, पठारावर दोन मिनिटांत होतं.

आपलंच चुकलं असं निघालं तर जिथे लिहिलं तिथेच, त्याच धाग्यात, ‘काका, तुमचं बरोबर, मी २०२५ लक्षात घेतलं नाही’ असं एका ओळीत लिहायचं. मेसेज पुसून टाकू नका. कुणीतरी तो वाचलेला असतोच.

दोनदा सांगून झालं की तिसऱ्यांदा सांगायचं नाही. सूर्याचा विषय असेल तर मात्र ॲडमिनला फोन करा, मेसेज नव्हे. तो चुकीचा मेसेज काढायचा की खाली सूचना टाकायची, हे त्याला ठरवू द्या. आणि फोनवर माणसाबद्दल बोलू नका, फोटोतल्या काचेबद्दल बोला.

पठारावर, समोरासमोर

लिहिताना विचार करायला वेळ असतो. चाळकेवाडीला, पवनचक्क्यांच्या वाऱ्यात, तो नसतो. लाल टॉर्चच्या उजेडात कुणीतरी उघड्या नळीत वाकून म्हणतं, ‘आरशावर धूळ किती बसलीय बघा,’ आणि खिशातून रुमाल काढतं. रुमाल आरशापासून वीतभर. इथे आधी संबोधन, मग क्रियापद, आणि दुसरं काही नाही: ‘काका, थांबा!’ हात थांबला की कारण. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढे, अगदी उघडा. केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ ॲल्युमिनियमचा थर. धुळीत वाळूचा कण असतोच. रुमालानं तो त्या थरावरून ओढला की कायमचा ओरखडा. ‘दाबायच्या रबरी फुग्यानं वारा मारू, जेवढी उडेल तेवढी उडेल. बाकीच्या धुळीनं काही अडत नाही.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. माणूस पुसायला जातो तो काळजीपोटी, आणि ती काळजी विनाकारण आहे हे कळलं की रुमाल आपोआप खिशात जातो. आरसा खरंच घाण झाला तर काढून, डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, कापसानं अजिबात दाब न देता धुतात. पण ते वर्षानुवर्षांतून एकदा, घरी, दिवसाउजेडी, आणि पहिल्यांदा करताना जाणकार शेजारी असावा.

समोरासमोर दुरुस्ती करताना आवाज खाली ठेवा. अंधारात पन्नास पावलांवर बोललेलं ऐकू जातं. नंतर चहा घेताना हा किस्सा चारचौघांत सांगायचा नाही, काका हसत असले तरी.

एकदाच लिहून ठेवायचं

त्याच चुका दर ग्रहणाला, दर दिवाळीला, दर दहावीच्या निकालाला परत येतात. प्रत्येक वेळी प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा ॲडमिनशी बोलून ग्रुपच्या वरच्या बाजूला एक मजकूर कायमचा लावून घ्या. मजकूर तुम्ही लिहा, पण टाकायच्या आधी ग्रुपमधल्या दोन जुन्या माणसांना दाखवा आणि त्यांनी सुचवलेला एक तरी बदल करा. मग तो त्यांचाही होतो, आणि पुढच्या वेळी ‘वर लिहिलंय बघा’ असं तेच सांगतात. साधारण असा:

‘सूर्य : दुर्बिणीतून बघायचा तर फिल्टर पुढच्या तोंडालाच. आयपीसला लावायची काळी काच वापरू नये. नुसत्या डोळ्यांनी बघायला आयएसओ १२३१२-२ मानकाचा ग्रहणाचा चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंग काच. एक्स-रे, सीडी, काजळीची काच, गॉगल, हळदीचं पाणी नको. काहीच नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून सूर्याचं चित्र कागदावर पाडा आणि कागदाकडे बघा.

खरेदी : जास्तीत जास्त उपयोगी पट = तोंडाची रुंदी (मिमी) × २. घ्यायच्या आधी पठारावर येऊन बघा, काही पैसे पडत नाहीत.

माउंट : अक्षांश सातारा साडेसतरा-अठरा, सांगली सतरा.

आरसा-भिंग : रुमाल नको. ओलं असेल तर वाळवूनच झाकण लावा.

यात काही चुकलं असेल तर ॲडमिनला कळवा, बदलू.’